कुंपणापलीकडचं हसणं

साडेपाच वाजले की कुंपणापलीकडे हसणं सुरू व्हायचं आणि कुंपणाअलीकडे मास्तरांच्या पोटात दुखायला लागायचं.

मास्तर म्हणजे शिंपी. घराची पुढची खोली हेच दुकान, आणि खिडकीला चिकटून शिलाईचं मशीन. खिडकीबाहेर चार पावलं मोकळी जागा, मग कमरेएवढं लाकडी फळ्यांचं जुनाट कुंपण, आणि त्याच्या पलीकडे कुलूपवाल्याचं अंगण. हा कुलूपवाला पाचच्या ठोक्याला दुकान बंद करायचा. दिवसभर लोकांची कुलपं उघडून द्यायची आणि पाचला स्वतःचं लावायचं, असा त्याचा नेम. उन्हाळ्याचे दिवस, सातपर्यंत उजेड, वारा सुटलेला. मग अंगणात खुर्च्या यायच्या, चहा यायचा, कुलूपवाला यायचा, त्याची बायको यायची. इथवर मास्तरांची काही हरकत नव्हती. माणसानं आपल्या अंगणात बसावं, नाहीतर झोपावं. पण त्या खुर्च्यांवर आणखी तिघं असायची. मास्तरांची बायको, मास्तरांची लेक आणि मास्तरांचे सख्खे वडील, आबा!

बरं, त्या अंगणात झोपाळा असता, गार सावली असती, तर माणूस समजून घेईल. तिथं होतं काय? एक पाठ मोडलेला बाक, दोन प्लास्टिकच्या खुर्च्या, एक वेताची खुर्ची आणि एक पालथी घातलेली बादली. बादलीवर मास्तरांची लेक बसायची. हिला लहानपणापासून सगळे बॉबीन म्हणत, कारण रांगायच्या वयात ती मशीनखाली, तिथल्या दोऱ्याच्या रिळासारखी, दिवसभर गरागरा फिरायची. आता ती बावीस वर्षांची झाली होती, आणि बारा दिवसांनी नर्सिंगच्या नोकरीसाठी लांबच्या शहरात निघायची होती. बारा संध्याकाळी उरल्या होत्या. आणि त्या ती दुसऱ्याच्या बादलीवर बसून घालवत होती.

मास्तरांना उठून जाता येत नव्हतं. बस कंपनीच्या कंडक्टरांचे चाळीस युनिफॉर्म अंगावर होते. उजेड आहे तोवर सुई चालवायची, हा त्यांचा बापापासूनचा शिरस्ता. पाय मशीनवर, हात कापडावर. आणि तोंडाचं म्हणाल, तर तेही चालूच असायचं. कामात असले की मास्तर कपड्याशी बोलायचे. ते बोलतात हे त्यांच्या गावीही नव्हतं. घोरणाऱ्याला कुठं ऐकू येतं आपलं घोरणं?

त्या दिवशी चव्वेचाळीस कमरेची पँट हातात होती.

"श्वास सोड," मास्तर पँटला दरडावत होते. "माप देताना पोट आत ओढून उभा राहिलास. मी टेप लावतोय, तू छताकडं बघतोयस. मला काय कळत नाही? आता ह्या बटणानं जायचं कुठं? त्याला घरदार नाही?"

पलीकडे हास्याचा धबधबा कोसळला. कुलूपवाल्याचं खो खो, त्याच्या बायकोचं खी खी, आबांचा खोकला मिसळलेलं हसू, आणि सगळ्यांवर बॉबीनचं खणखणीत हसणं.

मास्तरांनी सुई दाताखाली धरली. "काय सांगत असेल हो हा माणूस!" ते पँटला म्हणाले. "कुलूपवाला तो. त्याला विनोद कुठून येतात?"

पलीकडे पुन्हा हसणं.

रात्रीच्या जेवणाला मास्तरांनी सहज विचारल्यासारखं करून विचारलं, "काय चाललं होतं आज तिकडं?"

"कुठं काय?" बायको म्हणाली. "बसलो होतो."

"बसून माणूस एवढं हसतं?"

बायकोनं लेकीकडे पाहिलं. लेकीनं ताटाकडे पाहिलं, आणि दोघींचे खांदे हलायला लागले.

"सांगा की मला पण."

"तुला त्यात मजा नाही वाटायची," आबा बोट चाटत म्हणाले. "जेव तू."

झालं. मास्तरांच्या अंगाचा तिळपापड झाला. जन्म दिलेला बाप, हात धरून आणलेली बायको, खांद्यावर खेळवलेली लेक, आणि तिघांची मिळून एक गंमत, जिच्यात आपल्याला जागा नाही! ते अर्ध्या भाकरीवरून उठले.

दुसऱ्या दिवशी पाचलाच त्यांनी मशीनवर झाकण घातलं. घरात दोन खुर्च्या होत्या, त्या बाहेर काढल्या. गिऱ्हाइकाचं बाकडं ओढलं. कापायच्या टेबलावर कलिंगड चिरून ठेवलं. मग घरात जाऊन हुकूम सोडला, "चला सगळे बाहेर. आज आपल्या दारात बसायचं."

"आपल्या?" बायको म्हणाली. "आणि काम?"

"काम कुठं पळून जातंय? उन्हाळा आहे. वारा आहे. चला."

चौघं ओळीत बसली. कलिंगड खाऊन झालं. बिया थुंकून झाल्या. वारा आला आणि गेला. आबांनी एक जांभई दिली, ती फिरत फिरत सगळ्यांकडे जाऊन परत त्यांच्याकडे आली.

"हं," मास्तर म्हणाले, "बोला."

"काय बोलू?" बायकोनं विचारलं.

"तिकडं बोलता तेच."

शेवटी मास्तरांनीच एक विनोद सांगितला. तो त्यांनी लग्नाच्या आधी सासऱ्यांना सांगितलेला होता आणि तेव्हाही सासरे हसले नव्हते. तो सांगायला बारा मिनिटं लागली, कारण विनोदातली दोन माणसं कोणती ते मधेच विसरले. शेवट झाल्यावर बॉबीन म्हणाली, "मग?"

"मग काय मग? संपला."

"अच्छा," बॉबीन म्हणाली आणि बापाला वाईट वाटू नये म्हणून हसली. ते हसणं मास्तरांना सुईसारखं टोचलं.

एकच समाधान होतं. पलीकडेही सामसूम होती. कुलूपवाला नि त्याची बायको दोघंच बसले होते, मुकाट. मधूनमधून इकडं मान वळवत होते. मास्तर मनात म्हणाले, बघा! माझी माणसं नाहीत तर यांच्या अंगणाला कळा नाही. सगळी रोषणाई माझ्या घरची, आणि उजेड यांच्याकडे!

तिसऱ्या दिवशी मास्तर मशीनवर, घरची मंडळी पलीकडे, आणि हसण्याला पुन्हा ऊत. मास्तरांचा हिशोब पक्का झाला. माणसं तिकडं जातात म्हणून हसू तिकडं जातं. माणसं का जातात? कारण कुंपणावरून ते अंगण दिसतं, कुलूपवाला हात करतो. दिसलंच नाही तर कोण जाईल?

पडदा लावायचा.

जाड कापडाचे उरलेले तुकडे घरात पडून होते. कुंपण मोजलं, अठरा फूट. मास्तर कापायला बसले. आता शिंप्याच्या भाषेत एक शब्द आहे, माया. शिलाईच्या आत जे जास्तीचं कापड दडवून ठेवतात ती माया. उद्या माणूस अंगानं भरला तर उसवून सैल करता यावं म्हणून. मास्तर मायेच्या बाबतीत सढळ. सवयीनं त्यांनी दर तुकड्याला दोन्ही बाजूंनी चार चार बोटं माया सोडली.

बायको चहा घेऊन आली, बघत उभी राहिली. "अहो, कुंपणाला कशाला माया? ते काय जाड होणार आहे?"

"हात बसलाय माझा."

"तेवढी माणसांवर पण बसवा की कधी," असं म्हणून ती गेली. मास्तरांना ते ऐकू आलं, पण त्यांनी कात्रीचा आवाज मोठा केला.

जळफळाटात माणूस शिलाई सरळ मारतो का? जोड मारले ते अगदी कडेला. जी माया आत दुमडून जायची ती बाहेरच राहिली, आणि अठरा फुटांचा पडदा चोवीस फूट भरला. आता तो उसवणार कोण? मास्तरांनी कुंपणाला चार उंच काठ्या ठोकल्या आणि पडदा तसाच बांधून टाकला. ताणून बसेना. मधोमध पोट सुटून लोंबत राहिला, त्या चव्वेचाळीस कमरेवाल्यासारखा.

"हे काय हो मास्तर?" पलीकडून कुलूपवाल्यानं विचारलं.

"धूळ येते," मास्तर म्हणाले. "गिऱ्हाइकाच्या कपड्यांवर बसते."

"आमच्याकडून?"

"सगळीकडूनच येते. तुमच्याकडून जरा जास्त."

पडदा लागला त्या संध्याकाळी मास्तर जीव लावून शिवायला बसले. कान मात्र पडद्यावर. साडेपाच झाले. घरची तिन्ही माणसं चपला घालून, पडद्याला वळसा घालून, रस्त्यावरून फिरून कुलूपवाल्याच्या फाटकातून आत गेली! आधी कुंपणाच्या फळ्या निखळल्या होत्या तिथून दहा पावलं पडत होती, आता पन्नास पडली, एवढाच फरक. आणि हसणं? ते जरा कमी होतं, पण होतं. वर आता दिसत काहीच नव्हतं. आधी निदान कोण हसतंय ते कळायचं. आता नुसतं हसणं यायचं, आणि ते जास्त झोंबायचं.

आठ दिवस उरले होते.

दुसऱ्या दिवशी मात्र मास्तरांनी ठरवलं, आज ऐकायचंच. साडेपाचला मंडळी तिकडं जाताच मशीन सोडून ते हळूच बाहेर आले आणि पडद्याला चिकटून उभे राहिले. जिवाचा कान केला. पलीकडे कप वाजले. खुर्ची करकरली. कुणी बोलेना. पाच मिनिटं गेली, दहा गेली.

"आज काही नाही वाटतं," कुलूपवाल्याची बायको म्हणाली.

"थांब गं पोरी," आबांचा आवाज. "सुरू होईल. दोरा ओवत असेल."

मास्तरांना काही उमगेना. कोण दोरा ओवतोय? त्यांनी गळ्यातली छोटी कात्री काढली आणि स्वतः शिवलेल्या पडद्याला स्वतःच्या हातानं भोक पाडलं. कुंपणावर पोट टेकलं, वाकले, भोकाला डोळा लावला.

पाच माणसं त्यांच्याकडेच टक लावून बघत होती.

म्हणजे त्यांच्याकडे नव्हे, पडद्याकडे. बाक, खुर्च्या, बादली, सगळं एका ओळीत, मास्तरांच्या घराकडे तोंड करून. एकमेकांकडे तोंड करून कुणीच बसलेलं नव्हतं. मास्तर दचकले, आणखी वाकले. तेवढ्यात वारा आला. पडद्याच्या पोटात वारा भरला, चोवीस फूट कापड फुगलं, उंच काठ्यांनी फळ्यांना हिसका दिला. वरून मास्तरांचा भार. जुन्या खिळ्यांनी एकदम हात सोडले. कर्र कर्र करत सगळं कुंपण पलीकडे आडवं झालं, आणि त्याच्याबरोबर, पडद्यात गुंडाळलेले मास्तर कुलूपवाल्याच्या पायाशी जाऊन पडले.

"अगं बाई! भावजी!" कुलूपवाल्याची बायको ओरडली.

चौघांनी मिळून त्यांना उलगडलं. मायेची एवढी घडी झाली होती की डोकं कुठल्या बाजूला ते सापडायला वेळ लागला.

"लागलं नाही ना?" कुलूपवाला म्हणाला. "अहो मास्तर, यायचंच होतं तर फाटक उघडं होतं की."

मास्तर उठून बसले. अंगाला लागलं नव्हतं, जिथं लागलं होतं ते सांगायचं नव्हतं. पण आता लपवायचं काय राहिलं होतं? कुंपणच राहिलं नव्हतं.

"मला एवढंच सांगा," ते म्हणाले, "तुम्ही असं काय बोलता की माझ्या घरची माणसं एवढी हसतात? मीही ऐकतो. मीही शिकतो."

"मी?" कुलूपवाला खरोखर गोंधळला. "अहो, मी कुठं बोलतो? ही म्हणते, कुलूपवाल्याशी लग्न केलं ते तोंडाला कुलूप लावलेलाच मिळाला."

"मग हसता कशाला रोज?"

बॉबीननं बापाचा खांदा धरून त्यांना वळवलं. "बाबा, समोर बघा."

मास्तरांनी पाहिलं. समोर त्यांच्याच दुकानाची खिडकी. चौकटीत मशीन, मागं उजेड, खुंटीला खाकी पँटी लटकलेल्या.

"तुम्ही कपड्यांना रागावता ना, ते सगळं इथं ऐकू येतं," बॉबीन म्हणाली. "त्या बटणाला घरदार नाही म्हणालात, त्या दिवशी आबांना उचकी लागली होती."

"मी? मी कुठं बोलतो?"

"गेली चोवीस वर्षं," बायको म्हणाली. "आतून ऐकताना मला वाटायचं, माणूस वेडा आहे. इथून बघितलं तेव्हा कळलं."

"काय कळलं?"

"की वेडाच आहे. पण बघण्यासारखा."

"आधी आमचा टीव्ही होता हो," कुलूपवाला मनापासून म्हणाला. "तुम्ही पडदा लावलात आणि त्याचा रेडिओ झाला. आवाज येतो, हातवारे दिसेनात. परवा तुम्ही सुट्टी घेतलीत, आम्ही दोघं भिंतीकडे बघत बसलो."

मास्तर घरी गेले. रागावले होते का? होते थोडे. पण आत कुठंतरी गुदगुल्याही होत होत्या. म्हणजे एवढे दिवस आपण ज्याच्यावर जळत होतो, तो माणूस आपणच!

दुसऱ्या दिवशी साडेपाचला मास्तर इस्त्रीचा सदरा घालून मशीनवर बसले. केस विंचरले होते. मधे कुंपण नाही, समोर पाच जणं, जीव कानात घेऊन बसलेली. मास्तरांनी पँट उचलली, खाकरले आणि मोठ्यानं म्हणाले, "काय गं पँटे! कशी आहेस?"

पलीकडून कुणी हसलं नाही.

"तुझी कमर म्हणजे कमर नाही, कमरा आहे कमरा!"

कुलूपवाल्याच्या बायकोनं मान खाली घातली. आबा मोठ्यानं म्हणाले, "आधीचा बरा होता."

मास्तरांनी दोन दिवस प्रयत्न केला. पण काय बोलायचं ते ठरवायला गेलं की शिलाई वाकडी जायची, आणि शिलाईकडे बघितलं की तोंड मिटायचं. एका पँटला खिसा उलटा लागला. आता त्यांना त्या जुन्या मास्तरांचाच हेवा वाटायला लागला. काय माणूस असेल तो! नुसता पँटशी बोलून पोरीला हसवायचा. आणि तो आता कुठं सापडेना.

मग पोरीची निघण्याआधीची शेवटची संध्याकाळ आली. दुसऱ्या दिवशी सकाळची गाडी होती, बॅग भरून दारात उभी केली होती. मास्तरांनी चाळिसावा युनिफॉर्म तसाच मशीनवर टाकला आणि उठले. पडलेल्या कुंपणावर पाय देऊन पलीकडे गेले आणि पालथ्या बादलीवर बसले. कुलूपवाल्याच्या बायकोनं हातात चहा दिला. ऊन पिवळं झालं होतं. समोर रिकामी खिडकी.

"बॉबीन कुठाय?" मास्तरांनी विचारलं.

"येईल," बायको म्हणाली. "बघा समोर."

खिडकीत बॉबीन येऊन बसली. गळ्यात टेप, नाकावर बापाचा चष्मा, कानावर खडू. तिनं दोऱ्याचं टोक जिभेवर धरलं, सुईकडे एक डोळा मिटून बघितलं, आणि सुईवरच खेकसली, "तुझं भोक काल इथं होतं, आज कुठं नेलंस?"

आबा तिथंच हसून लोळले. कुलूपवाल्यानं गुडघ्यावर थाप मारली.

"कॉलर!" बॉबीन सदऱ्याला म्हणाली. "मान ताठ ठेव. कंडक्टरची कॉलर आहेस तू. तूच वाकलीस तर तिकीट कोण काढेल?"

मास्तर हसले. आधी नाकातून, मग तोंडातून, मग चहा सांडला. तो खांदा उडवणं, ती भुवई, तो चिडका सूर! हे सगळं आपण करतो? आणि ही पोरगी ते कधी शिकली? ते हसत होते आणि आत थोडं जळतही होते. कार्टी आपल्यापेक्षा सरस करत होती.

मग बॉबीननं दोरा तोडला. सदऱ्याची घडी घातली, खांद्यावरून हलकेच हात फिरवला आणि बापाच्या आवाजात म्हणाली, "हं. जा आता. नीट राहा. आणि कुठं उसवलंस तर लाजू नकोस. सरळ इकडे ये."

कुणी हसलं नाही.

"हे पण मी म्हणतो?" मास्तरांनी बायकोला हळूच विचारलं.

"प्रत्येक कपड्याला," ती म्हणाली.

मास्तर बादलीवर तसेच बसून राहिले. चष्मा लेकीच्या नाकावर होता, त्यामुळे खिडकी त्यांना आधीच धूसर दिसत होती. शेजारून सूं सूं आवाज आला. वळून बघतात तर कुलूपवाला रुमालानं डोळे टिपत होता, तोही भरभरून.

एवढं मात्र मास्तरांना सहन झालं नाही.

"अहो, तुम्ही काय रडताय?" ते बादलीवरून उठत म्हणाले. "लेक माझी चाललीय!"